भेटीचा खडक, उतरल्याचा खांब

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, पूर्व किनाऱ्याला, गिझबोर्न नावाचे बंदराचे शहर आहे. तिथल्या तितिरांगी टेकडीच्या पायथ्याशी एक दगडी स्तंभ उभा आहे. त्याचे अनावरण ८ ऑक्टोबर १९०६ रोजी झाले. कॅप्टन जेम्स कुक १७६९ साली याच तारखेला न्यूझीलंडच्या भूमीवर पहिल्यांदा इथे उतरला, एवढे सांगण्यासाठी तो उभारलेला आहे. तेव्हा स्तंभासमोर समुद्र होता. पुढे बंदरासाठी भराव घातला गेला, किनारा लांब सरकला, आणि आता त्या बाजूला परदेशी पाठवायच्या लाकडाच्या ओंडक्यांच्या राशी लागतात. दर्यावर्दीच्या स्मारकावरून दर्या दिसेनासा व्हावा, हा योगायोग गमतीचा आहे. पण माझा मुद्दा दृश्याचा नाही, क्रियापदाचा आहे. उतरणे ही एकट्याने करायची क्रिया. माणूस घाट उतरतो, एसटीतून उतरतो. समोर कोणी नसले तरी चालते. भेटणे एकट्याला जमत नाही. या किनाऱ्याची ओळख जगाला ‘माओरी आणि युरोपी यांची पहिली भेट’ अशी करून दिली जाते, आणि तिथला दगड मात्र शंभराहून अधिक वर्षे केवळ उतरल्याचे सांगत आला आहे. या दोन शब्दांमधले अंतर केवळ भाषेचे नाही. त्या अंतरात काही माणसे मेली, एक खडक सुरुंगाने उडवला गेला आणि एका उपसागराला चुकीचे नाव पडले.

घडले ते दोन दिवसांत. ६ ऑक्टोबरला डॉक्टरच्या हाताखालच्या निकोलस यंग या पोऱ्याने ‘एंडेव्हर’ जहाजाच्या डोलकाठीवरून जमीन पाहिली. ८ तारखेला जहाजाने नांगर टाकला. कुक, निसर्ग-अभ्यासक जोसेफ बँक्स आणि त्याचा सहकारी सोलांडर काही शिपायांसह तुरांगानुई नदीच्या मुखाजवळ किनाऱ्याला लागले. पलीकडच्या तीरावर माणसे दिसली म्हणून लहान होडीने नदी ओलांडून ते तिकडे गेले, होडीपाशी चार पोरे राखणीला ठेवली. झाडीतून चार माओरी पुरुष हत्यारे घेऊन त्या पोरांकडे आले. नदीच्या मुखाशी थांबलेल्या दुसऱ्या होडीच्या तांडेलाने आधी त्यांच्या डोक्यावरून बार काढले. ते थांबले, इकडेतिकडे पाहिले आणि पुन्हा पुढे झाले. मग त्याने नेम धरला. एक माणूस जागीच पडला. बाकीच्यांनी त्याला थोडे ओढत नेले आणि मग सोडून ते निघून गेले. आवाज होतो, पण काही होत नाही, असे पहिल्या बारांवरून कोणालाही वाटले असते. बंदूक म्हणजे काय हे ज्याने कधी पाहिले नाही, त्याला डोक्यावरून गेलेला बार हा इशारा म्हणून कसा कळावा? आणि भाला रोखून पुढे येणे ही पाहुण्याला विचारायची ‘कोण, कशासाठी?’ अशी रीतसर पृच्छा असू शकते, हे तांडेलाला तरी कुठे ठाऊक होते? माओरी रीतीत परक्याच्या स्वागताची सुरुवात आव्हानानेच होते. तो हल्ला होता की आव्हान, हे आता सिद्ध करता येणार नाही. मात्र दोन्ही बाजूंनी आपापली सावधगिरीची खूण केली आणि समोरच्याला ती वाचता आली नाही, एवढे उपलब्ध पुराव्यावरून म्हणता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी भेट झाली, आणि ती ज्याच्यामुळे झाली त्याचे नाव स्मारकात नव्हते. नदीच्या एका तीरावर कुक आणि त्याचे शिपाई, पलीकडे माओरी योद्धे. त्यांनी ‘हाका’ हे युद्धनृत्य केले, इंग्रजांनी पाण्यात एक गोळी झाडली. मग कुकसोबतचा तुपाइया बोलला. तुपाइया ताहितीजवळच्या राइआतेआ बेटाचा पुरोहित आणि नावाडी. त्या वर्षीच ताहितीहून तो जहाजावर आला होता. त्याची भाषा पलीकडच्यांना समजली. शेकडो वर्षांपूर्वी माओरींचे पूर्वज याच टापूतून नौकांमधून आले होते, त्यामुळे शब्द जुळले. मग एक जण नि:शस्त्र होऊन पाण्यातून नदीमधल्या खडकापर्यंत आला. कुकनेही बंदूक ठेवली, पाण्यात उतरला, आणि त्या खडकावर दोघांनी नाकाला नाक लावले. माओरी यालाच होंगी म्हणतात. त्यात श्वासाची देवाणघेवाण होते. त्या खडकाचे नाव ते तोका-आ-ताइआऊ. तो निव्वळ बसायचा दगड नव्हता. न्गाती पोरोऊ या मोठ्या जमातीच्या प्रदेशाची दक्षिणेची हद्द आजही या खडकाच्या नावाने सांगितली जाते. पाहुण्याने आणि यजमानाने एकमेकांना भेटावे ते हद्दीच्या दगडावर, इतकी नेमकी जागा कुकला ठरवूनही सापडली नसती. ती समोरच्यांनी निवडली असणार, असे मला वाटते.

होंगी झाली, पण ती टिकली नाही. थोड्याच वेळात वीस-तीस माणसे पोहून अलीकडे आली. दिलेले मणी आणि लोखंड त्यांना फारसे नको होते. त्यांना हत्यारांची अदलाबदल हवी होती. त्या गडबडीत एकाने खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स ग्रीनची आखूड तलवार ओढून घेतली आणि ती फिरवत तो निघाला. बँक्सने छर्रे झाडले, जहाजाचा डॉक्टर मंकहाऊस याने गोळी घातली. तो पडला. दुपारी कुकने आणखी एक चूक केली, आणि ही ठरवून केलेली होती. समुद्रातून येणाऱ्या एका नौकेतल्या माणसांना पकडायचे, जहाजावर नेऊन खाऊपिऊ घालायचे, भेटी देऊन सोडायचे, म्हणजे किनाऱ्यावर चांगली बातमी जाईल, असा त्याचा बेत होता. नौकेतल्यांना हा बेत कोण सांगणार? त्यांनी हातात आले ते फेकून प्रतिकार केला, इंग्रजांनी गोळ्या झाडल्या, आणखी माणसे मेली. पाण्यात उडी मारलेली तीन मुले उचलून जहाजावर आणली गेली. ती रात्री पोटभर जेवली, दुसऱ्या दिवशी त्यांना परत सोडले. पाहुणचारासाठी अपहरण करण्याचा हा प्रकार त्या काळच्या दर्यावर्द्यांना विचित्र वाटत नसे, हेच त्यातले खरे विचित्र.

इथे एक आक्षेप हमखास येतो: अठराव्या शतकातल्या माणसाला एकविसाव्या शतकाच्या तराजूत तोलू नका. आक्षेप रास्त आहे, म्हणून आपण अठराव्या शतकाचाच तराजू घेऊ. कुक निघाला तेव्हा रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड मॉर्टन यांनी त्याला लेखी सूचना दिल्या होत्या. तिथले लोक त्या भूमीचे हक्काचे मालक आहेत, त्यांचे रक्त सांडणे हा गंभीर अपराध आहे, आणि त्यांनी परक्यांना उतरू दिले नाही तरी ते त्यांच्या अधिकारातच आहे, असा त्यांचा आशय होता. बँक्सने त्या दिवसाची नोंद संपवताना आयुष्यातला सर्वांत अप्रिय दिवस म्हणून त्यावर काळी खूण केली. कुकने लिहिले की दयाबुद्धी असलेली माणसे आपल्याला दोष देतील, आणि दुसऱ्या बाजूला आपल्या माणसांचे डोके फुटताना आपण स्वस्थ बसू शकत नव्हतो, असे समर्थनही दिले. म्हणजे आजच्या कोणी टीकाकाराने येऊन निवाडा देण्याआधी आरोपीने आपली बाजू आणि आपल्यावरचा आरोप दोन्ही स्वतःच्या हाताने कागदावर उतरवले होते. त्यांच्यापेक्षा कठोर व्हायचे आपल्याला कारण नाही. पण त्यांच्यापेक्षा मऊ होण्याचेही नाही. १९०६चा स्तंभ कुकपेक्षा मऊ आहे. कुकला जे सलले, ते स्तंभाला सलले नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. ही पहिली भेट नाहीच. १२७ वर्षे आधी, डिसेंबर १६४२ मध्ये, डच दर्यावर्दी आबेल तास्मान दोन जहाजे घेऊन दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाला एका उपसागरात शिरला होता. १८ तारखेच्या संध्याकाळी न्गाती तुमाताकोकिरी लोकांच्या नौका आल्या, त्यांनी शिंग फुंकले. डचांनी उत्तरादाखल तुतारी वाजवली. सलामीला सलामी असे त्यांना वाटले असावे. माओरींच्या कानाला ते आव्हानाचा स्वीकार वाटले असेल, तर नवल नाही. दुसऱ्या दिवशी माओरी नौकेने एका छोट्या डच होडीला धडक दिली. चार खलाशी दगावले. तास्मान किनाऱ्यावर पाऊलही न ठेवता निघून गेला. तेव्हा ‘पहिली’ हा मान हवा असेल तर तो त्या उपसागराला द्यावा लागेल, हे मान्यच. मला मात्र या दोन जागांची नावे शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात. चार डच मेले, तास्मानने त्या पाण्याला ‘खुन्यांचा उपसागर’ असे नाव दिले, आणि ते नाव नकाशांवर बराच काळ राहिले. नंतर सोने सापडले तेव्हा त्याचा ‘गोल्डन बे’ झाला. तुरांगानुईला माओरी मेले, कुकने त्या पाण्याला ‘पॉव्हर्टी बे’, म्हणजे दारिद्र्याचा उपसागर, असे नाव दिले. कारण त्याला हवे ते काही तिथे मिळाले नाही, थोडे सरपण वगळता. आपली माणसे मेली तर नावात खून येतो, दुसऱ्याची मेली तर नावात आपली रिकामी कोठारे येतात. ज्या सखल भूमीला दारिद्र्याचे नाव मिळाले, ती देशातल्या सुपीक जमिनींपैकी एक. आज तिथे द्राक्षमळे आणि संत्र्यांच्या बागा आहेत. शिधा मिळाला नाही हे खरे, पण मागायला गेलेल्याने आधी गोळी घातली होती, हे नावाने सांगितले नाही.

‘पहिली’ या शब्दाइतकाच ‘युरोपी’ हा शब्दही सैल आहे. नऊ ऑक्टोबरचे जे काही संभाषण झाले ते युरोपी तोंडातून झालेच नाही. पुढे उआवा इथे काही दिवस मुक्काम पडला तेव्हा तिथल्या पुरोहितांशी धर्म आणि पूर्वजांबद्दल बोलला तो तुपाइया. १७७० अखेर तो बटाव्हियात मरण पावला. कुक पुन्हा न्यूझीलंडला गेला तेव्हा नौकांमधून आलेले लोक तुपाइयाची चौकशी करत आणि तो गेल्याचे ऐकून विलाप करत. माओरींच्या बाजूने पाहिले तर जहाज तुपाइयाचे, आणि कुक त्याच्या सोबतचा कोणी, असेही चित्र दिसू शकते. आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. कुक तुरांगानुईहून निघाल्यावर दहाएक आठवड्यांत दुसरे एक जहाज न्यूझीलंडला पोचले. ‘सँ झाँ बाप्तिस्त’ हे फ्रेंच व्यापारी जहाज बंगालहून पाँडिचेरीला आणि तिथून पूर्वेकडे निघाले होते. कप्तान होता झाँ द सुरव्हिल, आणि जहाजावर हिंदुस्थानी खलाशी होते. डिसेंबर १७६९ मध्ये वादळात कुकचे आणि सुरव्हिलचे जहाज उत्तर टोकापाशी एकमेकांच्या जवळून गेले आणि दोघांनाही त्याचा पत्ता लागला नाही. म्हणजे न्यूझीलंडच्या किनाऱ्याला लागलेली पहिली हिंदुस्थानी माणसे कुकच्याच वर्षी, स्कर्व्ही रोगाने अर्धमेल्या झालेल्या एका फ्रेंच जहाजातून तिथे पोचली. तिथल्या लोकांनी आजाऱ्यांना अन्नपाणी दिले. सुरव्हिलने हरवलेल्या होडीवरून वाद घालून रांगिनुई नावाच्या माणसाला पकडून नेले. तो वाटेत समुद्रातच मेला. जहाजांच्या झेंड्यावरून भेटीला नाव दिले, की त्यांच्या पोटातली माणसे अशी दिसेनाशी होतात.

आता पुराव्याचा प्रश्न. काही जण म्हणतात, इंग्रजांनी त्याच रात्री लिहून ठेवले. माओरींची बाजू तोंडी, पिढ्यान्‌पिढ्या बदलत आलेली. तिला दस्तऐवजाच्या पंक्तीला कसे बसवायचे? या आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर पहिल्या दिवशी पडलेल्या माणसाच्या देहाने दिले आहे. बँक्सने तो देह बारकाईने पाहिला. मध्यम उंची, एकाच गालावर अगदी नियमित वळणांची गोंदणे, अंगावर विणलेले कापड, डोक्यावर केसांची गाठ: सगळे त्याने टिपले. फक्त नाव टिपले नाही, कारण विचारायला कोणी उरले नव्हते. ते नाव तिथल्या न्गाती ओनेओने लोकांकडे होते: ते मारो. दुसऱ्या दिवशी तलवारीपायी मेलेला ते राकाऊ, रोंगोफाकाआता जमातीचा. ही दोन्ही नावे पुढे बिशपपदाला चढलेले डब्ल्यू. एल. विल्यम्स यांनी १८८८ साली, तिथल्या लोकांकडून ऐकून, न्यूझीलंडच्या विज्ञानसंस्थेपुढे वाचलेल्या निबंधात नोंदवली. म्हणजे घटनेनंतर ११९ वर्षांनी. रोजनिश्यांमधली जागा आणि क्रम आणि लोकस्मृतीतली जागा आणि क्रम विल्यम्सला जुळलेले दिसले. लिहिणाऱ्याकडे गोंदण आहे आणि नाव नाही. सांगणाऱ्याकडे नाव आहे, वंश आहे. एक साक्षीदार दुसऱ्याशिवाय अपुरा आहे. तोंडी स्मृती चुकतेही, हे कबूल. पण मग रोजनिशीही चुकते. मृतांचा आकडाच कुकचा वेगळा आणि बँक्सचा वेगळा आहे, एकाच जहाजावर, एकाच रात्री.

मग १९०६ मध्ये उतरण्याचाच दगड का उभा राहिला? विल्यम्सचा निबंध तेव्हा अठरा वर्षांचा झाला होता, म्हणजे अज्ञान हे कारण नव्हे. कारण त्या खडकाच्या वाट्याला जे आले त्यात सापडते. १८७७ साली बंदराचे तोंड मोकळे करण्यासाठी ते तोका-आ-ताइआऊ सुरुंग लावून उडवला गेला. भेटीची जागा आधी फोडली आणि एकोणतीस वर्षांनी उतरण्याची जागा सजवली, हा क्रम मला फार बोलका वाटतो. मधल्या काळाआधीच त्या प्रदेशावर बरेच काही ओढवले होते. १८६५ मध्ये वायेरेंगा-आ-हिका इथल्या तटबंदीला सरकारी फौजेचा वेढा पडला, पकडलेल्यांना खटल्याविना चॅटम बेटांवर हद्दपार केले गेले. १८६७ मध्ये रोंगोफाकाआतांचे कोरीव सभागृह, ते हाऊ की तुरांगा, सरकारने उचलून वेलिंग्टनला नेले. जमिनी गेल्या. नव्या वसाहतीला आपल्या आगमनाचा एक स्वच्छ प्रारंभबिंदू हवा होता, ज्यात समोर कोणी उभे नाही. ‘भेट’ म्हटली की ‘मग पुढे काय झाले?’ हा प्रश्न येतो. ‘उतरला’ म्हटले की येत नाही. शिवाय उतरण्यातही कुक पहिला नव्हता. ज्या जागी स्तंभ आहे तिचे नाव पुही काई इती. ते इकारोआ-आ-राऊरू या नौकेतून आलेला पूर्वज माइआ इथेच स्थिरावला आणि त्याच्या घराचे हे नाव, अशी स्थानिक परंपरा आहे. पलीकडच्या ज्या टोकाला इंग्रजांनी पोऱ्या निकोलसचे नाव दिले, त्याचे जुने नाव पाओआ या दुसऱ्या पूर्वजाच्या कुत्र्यावरून आहे. पोऱ्याचे नाव तिथे येण्याच्या कितीतरी आधी त्या कुत्र्याचे होते. उत्सवाच्या हौसेपायी काय होते याचा कळस १९६९ साली, द्विशताब्दीला झाला. तितिरांगीवर कुकचा म्हणून एक पुतळा बसवला गेला. त्याचा गणवेश इंग्रज आरमाराचा नव्हता आणि चेहराही कुकचा नव्हता. पुतळा कोणाचा, हे आजवर कोणालाच कळलेले नाही. अखेरीस तो टेकडीवरून उतरवून संग्रहालयाच्या हवाली केला गेला. तेवढे उतरणे मात्र योग्य झाले.

२०१९ साली, अडीचशे वर्षे झाली तेव्हा, गोष्टी थोड्या हलल्या. उपसागराचे अधिकृत नाव तुरांगानुई-आ-किवा / पॉव्हर्टी बे असे जोडनाव झाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ब्रिटनच्या तेव्हाच्या उच्चायुक्त लॉरा क्लार्क यांनी न्गाती ओनेओने आणि रोंगोफाकाआता यांच्यासमोर त्या दिवसांत मारल्या गेलेल्या नऊ माणसांबद्दल खेद व्यक्त केला. खेद, माफी नव्हे. ते मारोच्या स्मृतीत न्गाती ओनेओनेच्याच कलावंताने केलेले शिल्प उभे राहिले. काहींना हे सारे उशिराचे राजकारण वाटले, काहींना अपुरे. उत्तरेकडच्या न्गाती काहू जमातीने एंडेव्हरच्या प्रतिकृतीला आपल्या बंदरात येऊ देण्यास नकार दिला आणि ती भेट रद्द झाली. त्या नकाराचा मला आदर वाटतो: १७६९ साली ज्यांना विचारले गेले नव्हते, त्यांच्या वंशजांना आता निदान ‘नाही’ म्हणता आले. स्तंभ पाडावा अशी मागणी करणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. १९०६ सालचे लोक काय विसरू पाहत होते, याचा तो सर्वांत टिकाऊ पुरावा आहे, आणि पुरावा पाडायचा नसतो. त्याच्या शेजारी दुसरा साक्षीदार उभा करायचा असतो. ते मारोच्या शिल्पाने तेच केले.

त्याच वर्षी गिझबोर्नच्या तायराफिती संग्रहालयात काही जुन्या वस्तू मांडल्या गेल्या. त्यांत तांबड्या रंगाच्या नक्षीची वल्ही होती. कुकचे जहाज उपसागरातून बाहेर पडल्यावर, १२ ऑक्टोबर १७६९ रोजी, सोडून दिलेल्या तीन मुलांची हकिकत किनाऱ्यावर पोचली होती. काही नौका जहाजापाशी आल्या, आणि त्या लोकांनी बदल्यात अंगावरची वस्त्रे आणि हातातली वल्हीसुद्धा देऊन टाकली. गोळीविना पार पडलेली ती या किनाऱ्यावरची पहिली देवाणघेवाण. ही वल्ही पुढे ब्रिटनमधल्या संग्रहालयांत होती. २०१९ मध्ये ती ज्यांच्या पूर्वजांनी कोरली त्यांच्याकडे परत आली, तीही उसनवारीवर.